फुटक्या गारांचा हिशेब

मी आठ वर्षांचा असताना नारायणगावजवळच्या आमच्या द्राक्षबागेवर गारपीट झाली. शरद सीडलेसचा माल काढणीला आला होता. दहा मिनिटांत मांडवाखाली काळ्या मण्यांचा चिखल झाला. मोठी माणसं बागेकडे धावली आणि मी घमेलं घेऊन गारा मोजत बसलो. ओट्याच्या शहाबादी फरशीवर आपटून एकेका गारेचे पाच-सहा तुकडे झाले होते. माझा आकडा शंभरावर गेला तेव्हा आजी म्हणाली, "फुटलेल्या कशाला मोजतो रं? आभाळानं टाकल्या तेवढ्याच मोज."

ते बोलणं मला वीस वर्षांनी पुण्यात, पाषाणला आठवलं. तिथल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २००९ साली 'कायपीक्स' हा विमानातून ढग तपासण्याचा प्रयोग सुरू केला. २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात त्याची उड्डाणं सोलापूरहून झाली. अशा उड्डाणांच्या नोंदी चाळणं हे माझं काम.

विमानाच्या पंखाखाली एक नळकांडं असतं, त्याला पुढे दोन शिंगं. एका शिंगातून दुसऱ्याकडे लेझरचा झोत जातो. मधून हिमकण गेला की त्याची सावली ६४ प्रकाशसंवेदकांच्या ओळीवर पडते आणि चित्र उमटतं. एका नोंदीत मला बारीक हिमकणांची झुंबड दिसली. खुशीत आलेख काढून सरांपुढे ठेवला. त्यांनी एवढंच विचारलं, "यातले शिंगावर आपटून फुटलेले किती?"

विमान सेकंदाला सुमारे शंभर मीटर जातं. त्या वेगानं मोठा हिमकण शिंगाच्या टोकावर आदळला की त्याचा चुरा होतो आणि तो चुरा झोतातून जातो. म्हणजे जे यंत्र मोजतं, तेच फोडतंही. कॅनडाच्या अलेक्सी कोरोलेव यांनी टोकांचा आकार बदलून २००९ साली जुनी आणि नवी टोकं एकाच विमानावर लावून पाहिली. जुन्या टोकांनी बारीक कणांचा आकडा कितीतरी फुगवला होता.

चुरा ओळखायचा कसा? ढगातले कण एकमेकांपासून लांब असतात, चुरा मात्र घोळक्यानं येतो. म्हणून दोन सावल्यांमधला वेळ पाहायचा. तो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी निघाला की संशय घ्यायचा. पण सरसकट कात्रीही चालवता येत नाही, कारण ढग स्वतःही बर्फ फोडतो. उणे तीन ते उणे आठ अंशांत गोठणाऱ्या थेंबांतून बर्फाच्या कपच्या उडतात, हे हॅलेट आणि मॉसप यांनी १९७४ साली दाखवलं. त्या कपच्या खऱ्या, त्या मोजायच्याच.

एवढा काथ्याकूट कशासाठी, असं घरी विचारतात. थंड ढगात सिल्व्हर आयोडाइड फवारतात ते बर्फाचे कण वाढवण्यासाठी. ढगात ते आधीच पुरेसे असतील तर फवारा वाया जातो. आकडा खोटा असेल तर निर्णयही खोटा, आणि आमच्या आणे पठारासारख्या कोरड्या भागात पावसाची वाट पाहणाऱ्याला त्याची झळ बसते.

त्या दिवशी गाळणी लावल्यावर माझ्या आलेखातली बरीचशी झुंबड नाहीशी झाली. तेव्हापासून मी वहीत प्रत्येक उड्डाणापुढे दोन आकडे लिहितो : आलेले आणि गाळलेले.