आठवं घर

आत्या गेल्यावर तिचा माळा आवरायचं काम माझ्यावर आलं. एका डब्यात गेम बॉय सापडला. मागचं झाकण उघडलं आणि ओघळलेल्या सेलचा उग्र, खारट वास नाकात शिरला. चारही पेन्सिल सेल पांढऱ्या भुकटीत चिकटून बसले होते. कार्ट्रिज मात्र जागेवर होतं: १९९५ सालचं 'मारिओज पिक्रॉस'.

अमेरिकेतल्या दादानं ते माझ्यासाठी आणलं आणि बळकावलं आत्यानं. मारिओ कोण, त्याच्या हातात हातोडी-छिन्नी कशाला, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. तिला हवे होते चौकटीच्या कडेचे, ओळीत सलग किती घरं भरायची ते सांगणारे आकडे. त्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. वीज गेली की ती मला बॅटरी धरायला लावायची आणि पुटपुटायची, "पंधरा घरं, सलग आठ भरायची. कुठूनही सुरू कर, आठवं घर सुटत नाही." माझा हात हलला की, "अगं, सरळ धर ना!"

माझा राग गेममधल्या घड्याळावर. कोडं अर्ध्या तासात संपवायचं. पहिल्या चुकीला दोन मिनिटं कापणार, दुसरीला चार, मग दर वेळी आठ. वर दंड घेताना ते घर रिकामं आहे हेही सांगून टाकणार! म्हणजे मिनिटं मोजा आणि उत्तर विकत घ्या. आत्यानं हा सौदा कधी केला नाही. ती आधी रिकाम्या घरांवर फुल्या मारायची. अंदाजानं घर भरणं तिच्या लेखी चोरीच होती.

घरं भरून चित्र काढायच्या या कोड्यांचं मूळ जपानमधलं. १९८७ मध्ये नॉन इशिदा यांनी टोकियोत उंच इमारतीच्या खिडक्यांतले दिवे लावून-विझवून चित्रं काढायची स्पर्धा जिंकली; त्याच सुमारास तेत्सुया निशिओ यांनाही अशी कोडी स्वतंत्रपणे सुचली. आत्याला हे कळलं असतं तर ती म्हणाली असती, "केवढी वीज जाळली!" आमच्या गावात भारनियमनात सगळ्या खिडक्या एकदमच विझायच्या. त्यातून कसलं चित्र निघणार? मी आत्याचा हनुवटीखालून उजळलेला चेहराच बघत बसायचे. ती पडद्यावरून नजर काढायची नाही.

जपानबाहेर हा गेम फारसा खपला नाही, पुढचे भाग बरीच वर्षं तिकडेच राहिले. आता तो घडवणाऱ्या ज्युपिटर कंपनीच्या 'पिक्रॉस एस'मध्ये अर्ध्या तासाची मर्यादा नाही आणि चूक दाखवणंही बंद करता येतं. खेळायला बसलात तर आधी ते बंद करा.