कोयत्याची वही

पुण्याच्या रविवार पेठेत, बोहरी आळीच्या तोंडाशी असलेल्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी बावीस वर्षं काउंटरवर उभा आहे. गल्ल्यावर शेठ, काउंटरवर मी. खिळे, बिजागऱ्या, कडीकोयंडे, पहारी, विळे, कोयते. कोयता हा आमच्यासाठी शंभरातला एक माल. माझ्या गावाकडे, बीड जिल्ह्यात, कोयता म्हणजे माणसं. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम 'एक कोयता' म्हणतो आणि उचल त्या हिशेबानं देतो. माझे आईवडील चौदा हंगाम एक कोयता होते.

2022 संपता संपता सिंहगड लॉ कॉलेजच्या परिसरात दोन पोरांनी कोयते नाचवून लोकांना पळवलं. त्याआधीही असे प्रकार घडत होतेच, पण तेव्हापासून 'कोयता गँग' हा शब्द पेपरात रोजचा झाला. जानेवारीत पोलिसांचा हुकूम निघाला, की आधार कार्ड घेतल्याशिवाय कोयता विकायचा नाही. शेठनं दोनशेपानी वही आणली, पट्टीनं रकाने आखले: तारीख, नाव, पत्ता, मोबाईल, आधार नंबर, कारण. वही माझ्या ताब्यात दिली. पगारात त्याबद्दल काही आलं नाही, हे ओघानंच.

पहिल्या आठवड्यात शहाळंवाली मावशी आली. तिची गाडी जवळच लागते. दर वर्षी एक कोयता झिजवते. मी कार्ड मागितलं तर म्हणाली, "इतकी वर्सं माझ्याकडनं फुकट पाणी पितोस आन आता मलाच ओळख इचारतोस?" दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड घेऊन आली. कारणाच्या रकान्यात काय लिहू म्हटलं, तर म्हणाली, "पोट."

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. ज्याला कोयता कामाला लागतो, तो कोयता हातात घेतला की आधी अंगठा धारेवर आडवा फिरवतो. मग पातं बोटाच्या पेरानं वाजवून बघतो. मग एक डोळा मिटून ते सरळ आहे का पाहतो. "पाट्याचा आहे का?" असं विचारतो, म्हणजे गाडीच्या कमानपाट्याच्या पोलादातनं ठोकलाय का. आणि शेवटी वीस रुपयांसाठी भांडतो. हे सगळं करणाऱ्या माणसाची मला कधी भीती वाटली नाही.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी विशीतला एक मुलगा आला. निळा शर्ट, केसांना पट्टे मारलेले. मी मागायच्या आधीच त्यानं आधारची झेरॉक्स काउंटरवर ठेवली. मोठ्यातला मोठा दाखवा म्हणाला. हातात घेऊन त्यानं तो एकदा हवेत फिरवला, मग समोरच्या कपाटाच्या काचेत स्वतःला पाहिलं. धारेला हातही लावला नाही. किंमत विचारली नाही. कशाला हवाय विचारलं तर म्हणाला, "काका, कार्ड दिलंय ना?"

खरं होतं. त्याच्याकडे कार्ड होतं, म्हणजे हुकुमाप्रमाणे माझ्याकडे नाही म्हणायला कारण नव्हतं. मी कोयता परत घेतला आणि म्हणालो, हा बुकिंगचा आहे, दुसरा संपलाय. त्याच्या मागच्याच भिंतीवर आठ टांगलेले होते. त्यानं ते पाहिले, मी पाहताना त्यानं मला पाहिलं. झेरॉक्स उचलली आणि गेला. त्या रात्री शटर ओढून कुलूप लावताना मी तीनदा मागं वळून बघितलं. पुढचे आठ दिवस मंडईपर्यंत आमच्या हमालाबरोबर चालत गेलो. हमालाला कारण सांगितलं नाही, पण त्यानं विचारलंही नाही.

सुरक्षेचं म्हणाल तर आमच्या आळीत कॅमेरे बक्कळ आहेत. आमचाही एक चौकीच्या सांगण्यावरून रस्त्याकडे तोंड करून लावलाय. कुठं काही झालं की फुटेज काढायला मला थांबवतात, कारण शेठला ते मशीन येत नाही. त्यातलं घड्याळ वीस मिनिटं पुढं आहे, हे दर वेळी नव्यानं समजावतो. तरी मला धीर वाटतो तो समोरच्या पानवाल्यामुळे, रात्री अकरापर्यंत दिवा लावून बसतो म्हणून.

त्याच महिन्यात मामा आला. त्याची टोळी दौंडकडच्या एका कारखान्यावर होती. त्याच्या कोयत्याचं पातं मुठीपाशी तडकलं होतं, आणि भाचा हार्डवेअरमध्ये असताना दुसरीकडून कशाला घ्यायचा, म्हणून एसटीनं पुण्यात आला. अंगठा फिरवला, पेरानं वाजवलं, डोळा मिटला. मी म्हणालो, "मामा, आधार लागतंय."

"घरी पेटीत हाय. फडात आधार घेऊन कोन जातंय?"

शेठ गल्ल्यावरून बघत होते. मामा वहीकडे बघत होता. त्याला वाचता येत नाही, पण आपल्याकडे संशयानं पाहिलं जातंय एवढं कळायला अक्षरं लागत नाहीत. तळहातावर जुन्या-नव्या घट्ट्यांचे थर होते. आधारच्या रकान्यात त्याचा हात ठेवून घेता आला असता तर किती बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं.

मी माझं स्वतःचं कार्ड काढलं. नाव माझं, पत्ता बिबवेवाडीचा, मोबाईल माझा. कारण: ऊसतोड. शेठ काही बोलले नाहीत. पैसेही माझ्याच पगारातून वळते झाले.

महिनाअखेरीला हवालदार साहेब वही बघायला आले. चांगला माणूस आहे, आमच्याच बाजूचा. चहा घेत पानं उलटत होते. मी त्यांना निळ्या शर्टाचं सांगितलं. "नाव काय त्याचं?" त्यांनी विचारलं. नाव नव्हतं माझ्याकडे. वहीत फक्त विकलेल्या कोयत्यांची नोंद असते, आणि न विकलेल्याची झेरॉक्स तो सोबत घेऊन गेला होता.

"मग काय करणार?" ते म्हणाले, आणि पुढचं पान उलटलं. तिथं त्यांचं बोट थांबलं. नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं, कारणाचा रकाना पुन्हा वाचला.

"काय भाऊ, बिबवेवाडीत ऊस कुठं लावलाय?"

मी म्हणालो, "साहेब, आमच्या घरात तीन पिढ्या कोयता आहे."

त्यांनी कपातला राहिलेला चहा संपवला आणि पानाखाली सही केली.