न पाहिलेल्या सावकाराचं देणं

मी जुने वाडे दुरुस्त करते. या कामातले तुमचे गुरू कोण, असं कुणी विचारलं की मी आधी दोन-तीन गवंड्यांची नावं घेते आणि मग अँटन रूपर्ट यांचं. ऐकणारा चमकतो. सिगारेटी विकून गडगंज झालेला दक्षिण आफ्रिकेतला गोरा उद्योगपती, तोही मी कधी न पाहिलेला. त्याचा नि वाड्यांचा काय संबंध? पण ऋणानुबंधाला ओळखदेख लागतेच असं नाही.

रूपर्ट जानेवारी 2006 मध्ये स्टेलेनबॉशला वारले, वयाच्या 89 व्या वर्षी. त्यानंतर काही वर्षांनी एका अभ्यासवृत्तीवर मी त्यांच्या जन्मगावी, ग्राफ-रेनेटला गेले. कारूच्या कोरड्या पठारावरचं हे 1786 साली वसलेलं गाव. रूपर्टांचे वडील इथे वकील होते, तरी मुलाला डॉक्टर करणं घराला परवडलं नाही. मुलगा प्रिटोरियात रसायनशास्त्र शिकला, तिथेच शिकवू लागला आणि 1941 मध्ये मित्रांबरोबर तंबाखूच्या धंद्यात उतरला. पहिलं भांडवल म्हणे दहा पौंड. 1948 मध्ये पार्लच्या कारखान्यातून रेम्ब्रांट सिगारेट बाहेर पडली, आणि पुढे लंडनची रॉथमन्ससुद्धा त्यांच्या हाती आली.

त्या काळचा आफ्रिकानर, म्हणजे रूपर्टांचा डचवंशीय गोरा समाज ध्यानात घेतल्याशिवाय या धडपडीची किंमत कळत नाही. कार्नेगी आयोगाने 1932 मध्ये सुमारे तीन लाख गोऱ्या लोकांची गणना अत्यंत गरिबांत केली होती, आणि त्यांत बहुतेक आफ्रिकानर होते. शेती गेलेली, खाणी आणि बँका इंग्रजांच्या हातात. 1939 च्या आर्थिक परिषदेतून रेडिंग्सडाडबोंड ही संघटना निघाली. आपल्या माणसांची बचत एकत्र करायची आणि त्यातून आपले धंदे उभे करायचे, हा तिचा मार्ग. तिथल्या छोट्या उद्योगांचं काम तरुण रूपर्ट पाहत. सहकारी कारखान्यांच्या महाराष्ट्रात वाढलेल्या मला ही भाषा परकी वाटली नाही. भीक मागायची नाही, भांडवल जमवायचं.

हाच बाणा त्यांनी पडक्या घरांना लावला. 1966 मध्ये त्यांच्या पुढाकाराने ‘हिस्टॉरिकल होम्स ऑफ साउथ आफ्रिका’ सुरू झाली. ती स्मारक समिती नव्हती, कंपनी होती. पडकं घर विकत घ्यायचं, नीट करायचं आणि त्याला वापर शोधून द्यायचा. त्याच वर्षी पाडायला निघालेलं एक जुनं मिशन चर्च वाचवून त्यात त्यांनी आईच्या नावाने कलासंग्रहालय उघडलं. आज ग्राफ-रेनेटमध्ये दोनशेहून अधिक वास्तूंना संरक्षण आहे. रस्त्याने चालताना एखादी सुटी इमारत डोळ्यांत भरत नाही, अख्खी रांग भरते. पांढऱ्या भिंती, हिरव्या झडपा, पुढे ओटा.

आमच्याकडे तेव्हा वाडा वाचवायचा म्हणजे अर्ज करायचा आणि अनुदानाची वाट बघायची. ग्राफ-रेनेटला मी वही काढून हिशेब मांडायला शिकले: घर काय कमावेल, दुरुस्तीला किती जाईल, शिल्लक पुढच्या घराला किती पुरेल. माझी निम्मी कारकीर्द या वहीवर उभी आहे.

उरलेली निम्मी स्ट्रेचेस कोर्टमध्ये सुरू झाली. गुलामगिरीतून सुटलेल्या आणि मजुरी करणाऱ्या कुटुंबांची ही एकोणिसाव्या शतकातली चिमुकली घरं. डागडुजी होऊन ती ड्रॉस्टडी हॉटेलच्या खोल्या झाली. तिथे एक वयस्क कारागीर भिंतीला चुन्याचा हात देत होते. मी आमच्याकडच्या चुन्याच्या घाणीबद्दल, चुन्यात घालायच्या गुळाबद्दल आणि हिरड्याबद्दल सांगितलं. त्यांनी तळहात ओल्या गिलाव्यावर ठेवला, माझाही ठेवायला लावला. सिमेंटने ही भिंत आतून कुजली असती, म्हणाले. मग थापी पुसत सहज विचारलं, “तुमच्या वाड्यांत राहणारी माणसं कुठे जातात?”

ते क्रूनव्हेलचे होते. वर्णभेदाच्या काळात मिश्रवंशीय कुटुंबांना जुन्या गावातून उठवून जिथे वसवलं, ते क्रूनव्हेल. घरं वाचली, घरातली माणसं गावाबाहेर. याच गावाच्या काळ्या वस्तीत 1924 मध्ये रॉबर्ट सोबुक्वे जन्मले, रूपर्टांहून आठ वर्षांनी धाकटे. पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसच्या या नेत्याला सरकारने रॉबेन बेटावर एकाकी डांबलं. एकाच गावातल्या दोन मुलांना देशाने काय काय दिलं, हे त्या वहीत कुठे लिहायचं?

रूपर्ट आंधळे नव्हते. ब्रूडरबोंड या गुप्त आफ्रिकानर मंडळापासून ते दूर झाले. पार्लमध्ये मिश्रवंशीयांबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत धंदा काढायची त्यांची योजना पंतप्रधान फेरवूर्ट यांनी हाणून पाडली. 1986 मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष बोथा यांना पत्र लिहून वर्णभेद सोडून देण्याची विनंती केली. 1997 मध्ये मंडेलांच्या साथीने पीस पार्क्स फाउंडेशन उभारून देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या अभयारण्यांना बळ दिलं. तरीही जमेच्या बाजूला तंबाखू आहे, आणि त्या व्यवस्थेतली सुरक्षित जागा आहे. मी ते खोडत नाही. देणं मानायचं तर सावकाराचं सगळं खातं बघूनच मानावं.

वाईत नवं काम हाती आलं की मी आता भिंती मोजण्याआधी माणसं मोजते. मागच्या चौकात कोण भाडेकरू, किती पिढ्यांपासून, दुरुस्तीच्या काळात राहणार कुठे, परत येणार कधी. परत येण्याचा हक्क करारात लिहिल्याशिवाय परांची बांधत नाही. खर्च दर्शनी दुकानांच्या भाड्यातून फिटतो, हे रूपर्टांचं गणित. ते भाडं आतल्या बिऱ्हाडांच्या मुळावर येता कामा नये, हे क्रूनव्हेलच्या कारागिराचं. वाड्याचे मालक कुरकुरतात. मी वही पुढे करते. कुरकुर थांबत नाही, पण सही होते.