अडीच हजार वर्षांचं हॅपी कपल

रोमला आलेला टुरिस्ट आधी कलोझियमच्या रांगेत लागतो. मी मात्र व्हिला जुलिया म्युझियम गाठलं, एका कपलला भेटायला. वय? सुमारे अडीच हजार वर्षं!

रोमन साम्राज्याच्या आधी मध्य इटलीत नांदलेल्या एट्रुस्कन लोकांची ही भाजक्या मातीची शवपेटी. १८८१ मध्ये चेरवेतेरीच्या दफनभूमीत सुमारे ४०० तुकड्यांत सापडलेली. झाकणावर नवरा-बायको मेजवानीच्या पलंगावर रेलून बसलेत. त्याचा हात तिच्या खांद्यावर, दोघांच्या ओठांवर सेम हसू. मृत्यूनंतरही पार्टी चालू!

तेव्हा हे चक्क स्कँडल होतं. ग्रीकांच्या मैफलीत घरंदाज बायकोला नो एन्ट्री. त्यामुळे परपुरुषांच्या पंगतीत बसणाऱ्या एट्रुस्कन बायकांबद्दल थिओपोम्पस या ग्रीक इतिहासकाराने नको नको ते लिहून ठेवलंय. एट्रुस्कनांची स्वतःची पुस्तकं जवळपास सगळी नष्ट झाली. उरलं ते शेजाऱ्यांचं गॉसिप.

तिची बाजू सांगतात त्या फक्त कबरी. रोमन मुलीला वडिलांच्या कुळाचंच नाव चिकटायचं. एट्रुस्कन कबरींवर मात्र बायकांची स्वतःची नावं आहेत. रामथा, लार्थिया.

दुसऱ्या दिवशी चेरवेतेरीला गेले. खडकात कोरलेल्या कबरी म्हणजे अक्षरशः फ्लॅट्स! खोल्या, पलंग, दगडी उशा. एकीत तर भिंती-खांबांवर भांडी आणि सुऱ्यासुद्धा घडवल्यात. संसार जसा जगले, तसाच सोबत नेला, दोघांनी मिळून.

रोमला गेलात तर एक दुपार या दोघांसाठी ठेवाच. शक्यतो जोडीने!