फिर क्या हुआ?

आमच्या घरात दोन वर्षं कहाणी बंद होती. बाहेरून कुणी बंदी घातली नव्हती. आम्हीच, नवरा-बायकोने मिळून, ती बंद केली होती.

पेडगाव हे परभणीहून मनमाडकडे निघालं की लागणारं लहानसं स्टेशन. लांब पल्ल्याच्या गाड्या धडधडत निघून जातात आणि मग बराच वेळ शांतता. घरात आम्ही दखनी बोलतो, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की मराठी. आमच्या आजोबांची शाळा निजामी अमलातली, उर्दूची. आमची जिल्हा परिषदेची, मराठीची. या दोन भाषांचा घरात कधी कुणाला त्रास झाला नव्हता.

धाकटा तीन वर्षांचा झाला तरी दोन शब्द जोडत नव्हता. पाणी हवं असेल तर माठाकडे ओढत न्यायचा. मोहल्ल्यातल्या बायका म्हणायच्या, मुलगे उशिराच बोलतात. कुणी दम केलेलं पाणी आणून दिलं, तेही आम्ही पाजलं. शेवटी मुंबईला नेऊन वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत कान तपासून घेतले. ही संस्था 1983 सालची. ज्यांचं नाव तिला आहे ते अली यावर जंग हैदराबादचे, महाराष्ट्राचे राज्यपाल असताना 1976 मध्ये वारले. अम्माला हे सांगितलं तर तिला उगीचच धीर आला. आपल्याकडचा माणूस म्हणाली. कान चांगले निघाले. उशिरा बोलणाऱ्या लेकराचे आधी कान तपासावेत, ही एक गोष्ट आम्ही वेळेवर केली.

पुढची चूक मात्र मोठी. एका जाणकार म्हणवणाऱ्याने सांगितलं, "घरात दोन भाषा आहेत म्हणून पोरगं गोंधळतंय. एकच बोला, शाळेची बोला." आम्ही ते मान्य केलं. अम्माला सांगितलं, याच्याशी मराठीतच बोल. अम्माची मराठी बाजाराची. भाजीचा भाव करता येतो, पण चिमणीचं घर त्या मराठीत बांधता येत नाही. ती हळूहळू गप्प झाली. आणि आम्ही? आम्ही शाळातपासनीस झालो. हे काय? याचा रंग कोणता? कावळा कसा ओरडतो? लेकरू आमच्याकडे बघायचं आणि उठून जायचं. दोन वर्षं अशी गेली.

नंतर एक वाचा-उपचार करणाऱ्या बाई भेटल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात याला गोष्ट कोण सांगतं?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी समजावलं की दोन भाषांमुळे हा अडथळा येत नाही. ज्याला तो असतो त्याला तो दोन्ही भाषांत असतो. घरची भाषा काढून घेतली तर फक्त घरातलं माणूस तेवढं दुरावतं. अंगणवाडीत येणारी आरोग्य पथकं 2013 पासून विकासातला उशीरही पाहतात, 2016 च्या कायद्यात वाचा आणि भाषेच्या अडचणीला जागा आहे, हेही तेव्हाच कळलं. पण आमच्या मनात अम्मा घोळत होती. घरी येऊन तिला सांगायचं कसं? "अम्मा, आमचं चुकलं," एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "हौ. मालूम था मेरेकू."

दुसऱ्या दिवशी तिने पानदान उघडलं. सुपारी म्हणजे चिमणी, अडकित्ता म्हणजे कावळा, चुन्याची डबी म्हणजे घर. पाऊस पडला, कावळा दारात आला. रोज तीच कहाणी, त्याच शब्दांत. आम्हाला कंटाळा यायचा, त्याला नाही. बाईंनी सांगितलं होतं ते एवढंच : शेवटचा शब्द तोंडातच ठेवा आणि थांबा, मनात दहा आकडे मोजा. आम्हाला तीनच्या पुढे धीर धरवत नसे. अम्मा मात्र पान चघळत सावकाश बसायची. विसाव्या-पंचविसाव्या दिवशी तिने "चिमनी दरवाजा..." म्हणून सोडून दिलं, आणि तो म्हणाला, "खोल्या नै."

त्याचं चुकलेलं सुधारायचं नाही, पुरं करून परत द्यायचं. तो म्हणाला "कुत्ता, भाग्या," की आपण म्हणायचं, "हौ, कुत्ता भाग्या, कायकू की अब्बा लकडी उठाए." मग त्याच्याच दिवसाची तीन चित्रं पाटीवर काढायची : बैल, पाऊस, ओला सदरा. आमचा बैल बकरीसारखा दिसायचा, त्यावर तो हसायचा. "फिर" हा शब्द आधी आला. "कायकू की" यायला पुढे कित्येक महिने लागले. कारण सांगणं हे घडलेलं सांगण्यापेक्षा अवघड असतं, हे आम्हाला त्याच्याकडून कळलं.

फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक साहेबांचा उर्स भरतो. तिथून आल्यावर त्याने अम्माला सांगितलं, "पालना. बडा. उनो डरे." उनो म्हणजे कोण? त्याच्या कहाणीत सगळेच उनो. अम्माने विचारलं, "उनो कौन रे, कव्वा?" "नै, अब्बा!" तेव्हापासून नाव घ्यायची सवय लागली. अब्बा पाळण्यात घाबरले होते, ही बातमीही मोहल्ल्यात पोचली.

आता तो मराठी शाळेत आहे. चिमणीची गोष्ट त्याने वर्गात मराठीत सांगितली, म्हणजे अर्धी सांगितली. शब्द अडला तिथे "नक्को" म्हणाला. पोरं हसली. आपला "नक्को" त्यांच्याच "नको"चा भाऊ आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. तो त्या दिवशी घरी फारसा बोलला नाही. अजूनही अनोळखी माणसासमोर त्याची गाडी लहान स्टेशनावरच थांबून राहते.

मागच्या महिन्यात चहाचा चांगला कप फुटला. आम्ही दोघं रागावून उभे. त्याने आमच्याकडे पाहिलं, मग अम्माकडे, आणि म्हणाला, "मैं नै फोड्या. बकरी आयी. कायकू की बकरीकू भूक लगी थी. उसकू लग्या कप में दूद है." आमच्या घरी बकरी नाही. शेजाऱ्यांकडेही नाही. आम्ही हात उचलणारच होतो, तेवढ्यात अम्माने पानदान बाजूला सारलं, त्याला जवळ ओढलं आणि विचारलं,

"फिर क्या हुआ?"