मुलांचे साने गुरुजी

मुलांकरिता पुस्तके लिहिणारे पुष्कळ असतात. परंतु दिवसा मुलांच्या खोल्या झाडून रात्री त्यांच्याचकरिता लेखणी हाती धरणारा लेखक विरळा. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपणां सर्वांचे साने गुरुजी, हे अशांपैकी एक होत. त्यांचे स्मरण शालेय वार्षिकात करावे ह्यास एक विशेष कारणही आहे : लहानपणी काही काळ ते दापोलीच्या मिशन शाळेचे विद्यार्थी होते.

कोकणातील पालगड ह्या गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी त्यांचा जन्म झाला. घराणे खोताचे; परंतु वडिलांच्या काळात वैभव ओसरले आणि कर्ज तेवढे उरले. पुढे शिक्षणासाठी ते औंध संस्थानात गेले, तेथून पुण्यास गेले. हाताने स्वयंपाक करावा, कधी अर्धपोटी राहावे, पण पुस्तक सोडू नये, असा त्यांचा क्रम होता. १९१७ साली मातोश्री यशोदाबाई निवर्तल्या. हे दुःख त्यांनी सोळा वर्षे हृदयात जपले आणि मग ते महाराष्ट्रातील सर्व मुलांच्या ओंजळीत घातले.

१९२४ साली ते अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे, खानदेशातील अंमळनेर येथील शाळेत शिक्षक झाले. छात्रालयाची व्यवस्थाही त्यांजकडेच आली. मुलांची अंथरुणे आवरणे, कपडे धुणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे ही कामे ते न बोलता करीत. शिक्षकच झाडू लागले म्हणजे विद्यार्थ्याने आळस कोणत्या तोंडाने करावा ? ह्याच छात्रालयात त्यांनी स्वहस्ते लिहिलेले एक दैनिक चालविले. त्यास ना छापखाना, ना वर्गणी. रात्री गुरुजींनी लिहावे आणि सकाळी मुलांनी वाचावे. आपल्या हाती असलेल्या ह्या सुबक छापील वार्षिकाचे ते एक गरीब परंतु थोर भावंडच म्हणावयाचे.

१९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या चळवळीत शिरले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबाजींची गीतेवरील प्रवचने झाली, ती गुरुजींनी टिपून घेतली. पुढे नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ ह्या अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग त्यांनी लिहून काढला. १९३५ साली ते पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील प्रकरणांस ‘रात्र’ असे नाव असून अशा बेचाळीस रात्री त्यात आहेत. दिवसाची कामे आटोपली की मंडळी जमते आणि श्याम आपल्या आईच्या आठवणी सांगतो, अशी त्याची रचना आहे.

ह्या रचनेचे मर्म आम्हांस केदारखेड्यात कळले. आमच्या आजोबांच्या काळी, १९४८ पर्यंत, आमचा भाग निजामाच्या राज्यात होता. वरच्या शाळेत उर्दूचे प्राबल्य. मराठी पुस्तक घरात असणे ही अपूर्वाई. आमच्या मातोश्रींस तर अक्षरओळखच नव्हती. आम्ही सातव्या इयत्तेत असता शाळेच्या पेटीतून हे पुस्तक घरी आणले. दिवसभर कापूस वेचून आई परत येई, चुलीपाशी भाकरी थापी, आणि आम्ही मोठ्याने वाचीत असू. पुस्तकातील कथा सांगावयाचीच असल्यामुळे, ती ऐकणाऱ्यास अक्षरांची गरज उरली नाही.

त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. घरी देणे झाले होते, आणि आमचे नाव शाळेतून काढून आम्हांस कामास लावावे, असे वडील मंडळींचे बोलणे चालले होते. सावकाराचा माणूस श्यामच्या दाराशी येऊन त्याच्या आईचा अपमान करितो तो भाग आम्ही वाचला, तेव्हा आईचा हात परातीतच थांबला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “त्या माउलीनं एवढं सोसलं, पण पोराला शिकू दिलं. मंग तुझं नाव कामून काढायचं ?” दुसऱ्या दिवशी तिने हेच शब्द घरात सर्वांसमक्ष उच्चारले. कर्ज फिटले नाही. ते पुढे कित्येक वर्षे राहिले. आमचे नाव मात्र हजेरीपटावर राहिले.

श्यामची आई मुलाचे केवळ लाड करीत नाही. पोहावयास भिणाऱ्या श्यामला ती मारून विहिरीवर पाठविते. मोळी न उचलवणाऱ्या वृद्ध महार स्त्रीच्या मदतीस जाण्यास सांगते, लोक काय म्हणतील ह्याची पर्वा करीत नाही. हा धडा लेखकाने कागदावरच ठेविला नाही. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून त्यांनी मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण केले. जे मुलांना सांगितले त्यासाठी स्वतःचे प्राण पणास लावणारा लेखक मुलांना खोटा कसा वाटावा ?

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. आपल्या पुतणीस, सुधास, लिहिलेली त्यांची पत्रे ‘सुंदर पत्रे’ म्हणून प्रसिद्ध आहेत. फुले, पाखरे, प्रवास, पुस्तके ह्यांविषयी इतक्या प्रेमाने लिहिणारे हे अंतःकरण आतून फार व्याकूळ होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी इहलोक सोडला. तीनच वर्षांनी आचार्य अत्रे ह्यांनी ‘श्यामची आई’वर चित्रपट काढला आणि त्यास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले.

विद्यार्थिमित्रांनो, ग्रंथालयातून पुस्तक घरी न्याल तेव्हा ते एकट्याने वाचून परत करू नका. घरात ज्यांस वाचता येत नाही, त्यांच्याजवळ बसून मोठ्याने वाचा. आणि पालकहो, आपण दिवसभर थकलेले असता हे आम्ही जाणतो. तरी रात्री घटकाभर मुलाचे वाचन ऐकावे. कोणत्या पानावर कोणाच्या मनातील गाठ सुटेल, हे सांगता येत नाही.