ग्रेट्झ्कीशी पंगा

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात. कॅनडात हॉकी म्हणजे आइस हॉकी, बस्स! आपण जिला हॉकी म्हणतो तिला तिथे 'फील्ड हॉकी' म्हणायचं, आणि तेही जरा हळू आवाजात. टोरांटोच्या ऑफिसात नोकरीला लागल्यावर पहिल्या आठवड्यातच मला हे ज्ञान मिळालं. दुसरं ज्ञान असं की त्या शहराला एक जुनं दुखणं आहे. त्यांच्या मेपल लीफ्स संघाने स्टॅन्ले कप शेवटचा जिंकला 1967 साली. दर वसंतात प्लेऑफ येतात, अख्खं शहर निळं होतं आणि मग... जाऊ दे.

वर्तमान असं असेल तर माणसं इतिहासात रमणारच. आमच्या ऑफिसात त्यासाठी एक भन्नाट खेळ होता. नेहमीच्या फँटसी लीगमध्ये आपण आजचे खेळाडू निवडतो आणि त्यांच्या खऱ्या मॅचमधल्या कामगिरीवर पॉइंट मिळवतो. इथे मात्र हॉकीच्या सुरुवातीपासूनचा कुणीही चालतो. जिवंत असो वा नसो, पंचविशीतला असो वा शंभर वर्षांपूर्वीचा. आठ जण, प्रत्येकाचा वीस खेळाडूंचा संघ, आळीपाळीने उचलायचे. एकदा गेला तो गेला. मग आठ संघांचे प्लेऑफ. आता मेलेली माणसं मॅच कशी खेळणार? तर लंच टेबलवर दोघांनी आपापल्या संघाची वकिली करायची आणि न खेळणाऱ्या अकरा जणांनी मतं द्यायची. सात सामन्यांची मालिका, कोण जिंकेल आणि कितव्या सामन्यात? 2023 च्या हिवाळ्यात मीही या वेडात सामील झाले.

चिठ्ठ्यांमध्ये पहिला नंबर लागला एका मॉन्ट्रियलवाल्याला. साठीला टेकलेला, अकाउंट्समधला, जेवताना कॅल्क्युलेटर शेजारी ठेवणारा माणूस. त्याने एक सेकंदही न घालवता वेन ग्रेट्झ्की उचलला. बरोबरच आहे. 2857 पॉइंट! तिथे गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेला पास, दोन्ही धरून पॉइंट मोजतात. ग्रेट्झ्कीचे नुसते असिस्ट 1963 आहेत, आणि इतर कुणाचेही गोल आणि असिस्ट मिळून तेवढे होत नाहीत. 894 गोलचा त्याचा विक्रम अलेक्झांडर ओव्हेच्किनने एप्रिल 2025 मध्ये मोडला खरा, पण असिस्टच्या आकड्याजवळ कुणी फिरकलेलंसुद्धा नाही.

माझा नंबर आठवा, म्हणजे शेवटचा. पण दुसरी फेरी उलट्या क्रमाने असल्यामुळे मला लागोपाठ दोन खेळाडू मिळाले. मी घेतले गोलकीपर डॉमिनिक हाशेक आणि डिफेन्समन डग हार्वी. हार्वीचं नाव घेतल्यावर मॉन्ट्रियलवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. हार्वी मॉन्ट्रियलचाच, सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी सात वेळा जिंकलेला. त्याच्या घरातला माणूस मी पळवला होता!

त्याने मग मॉरिस 'रॉकेट' रिशार आणि गोलकीपर जॅक प्लान्ट घेऊन घर सावरलं. मागे उभा केला पॉल कॉफी, डिफेन्समन असूनही 1985-86 मध्ये 48 गोल करणारा. मी पुढे घेतले ओळीने नऊ सीझन पन्नासहून कमी गोल न करणारा माइक बॉसी आणि डायबेटिस असूनही कुणालाही न घाबरणारा बॉबी क्लार्क. सेमीफायनलला आम्हीच समोरासमोर आलो. तो दुसऱ्या मानांकनावर, मी तिसऱ्या.

वकिली गोलकीपरपासून सुरू झाली. तो म्हणाला, "सर्वोत्तम गोलकीपरची व्हेझिना ट्रॉफी प्लान्टला सात वेळा, हाशेकला सहा वेळा. संपलं." नाही ना संपलं! 1981 पर्यंत ती ट्रॉफी सीझनमध्ये सर्वांत कमी गोल खाणाऱ्या संघाच्या गोलकीपरला जायची. म्हणजे पुढे हार्वीसारखा बचाव उभा असेल तर निम्मं काम तिथेच झालेलं. हाशेकच्या काळात मात्र ती मतदानाने मिळायला लागली. ट्रॉफीचं नाव एक, परीक्षा दोन वेगळ्या. शिवाय हाशेकने सर्वांत मौल्यवान खेळाडूची हार्ट ट्रॉफी 1997 आणि 1998 अशी दोनदा जिंकली. दोनदा जिंकलेला दुसरा गोलकीपर नाही. आणि 1998 च्या नागानो ऑलिंपिकच्या सेमीफायनलमध्ये शूटआउटचे पाचही फटके त्याने अडवले. कुणाचे? कॅनडाचे! हे मी जरा जोरात बोलले. टेबलवर शांतता.

त्यानेही डाव टाकला. प्लान्टच्या काळात लीगमध्ये सहाच संघ होते, म्हणजे अख्ख्या लीगमध्ये गोलकीपरच्या जेमतेम सहा पक्क्या जागा. त्यातली एक टिकवायची, तीही तोंडावर मास्क न घालता! 1 नोव्हेंबर 1959 ला न्यूयॉर्कमध्ये अँडी बॅथगेटचा फटका प्लान्टच्या तोंडावर बसला. टाके घालून तो परत आला तो मास्क लावूनच, आणि तिथून मास्क रूढ झाला. "तुझ्या हाशेकला मास्क काढून उभा कर, मग बोलू." मुद्दा सॉलिड होता.

मग मी ग्रेट्झ्कीकडे वळले. त्याने 92 गोल केले तो सीझन 1981-82 चा. त्या वर्षी एका मॅचमध्ये दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठ गोल व्हायचे. 2003-04 मध्ये हाच आकडा पाचच्या थोडा वर आहे. म्हणजे ग्रेट्झ्की गोलांच्या स्वस्ताईत कमावत होता आणि हाशेक महागाई आणत होता. स्वस्ताईतले 92 महागाईत किती? कॅल्क्युलेटर त्याच्याच शेजारी होता, पण त्याने हात लावला नाही. तो शांतपणे म्हणाला, "त्याच वर्षी, त्याच बर्फावर तुझ्या बॉसीचे पॉइंट 147. तो दुसरा आला. ग्रेट्झ्कीचे 212. आता बोल." माझाच माणूस माझ्यावर सोडला पठ्ठ्याने! पण हिशेबाची पद्धत अगदी बरोबर. कुणालाही आजच्या बर्फावर आणून उभं करायचं नाही. त्याच्या पायाखाली जो बर्फ होता त्यावर बाकीचे काय करत होते, ते बघायचं.

माझ्याकडे ग्रेट्झ्कीसाठी एक औषध होतं, बॉब गेनी. 1160 मॅच, गोल फक्त 239. आकडेवारीत हा माणूस दिसतच नाही. त्याचं काम समोरच्या संघातल्या सर्वांत धोकादायक खेळाडूला सावलीसारखं चिकटून राहायचं. उत्तम बचाव करणाऱ्या फॉरवर्डसाठी 1978 मध्ये सेल्की ट्रॉफी सुरू झाली आणि पहिली चारही वर्षं गेनीनेच जिंकली. आपल्या अप्रेझलच्या शीटमध्ये 'काय केलं' याचा कॉलम असतो. 'काय होऊ दिलं नाही' याचा कुठे असतो? प्रोजेक्ट कोसळू न देणारा माणूस प्रत्येक टीममध्ये असतो, आणि बोनस दुसऱ्याच कुणाला मिळतो. गेनीच्या मुद्द्यावर तीन मतं माझ्याकडे सरकली. ती कोणत्या डिपार्टमेंटची होती हे मी सांगत नाही!

खरा राडा झाला माझ्या विसाव्या खेळाडूवरून. हर्ब कार्नेगी. या नावापुढे एनएचएलमधली एकही मॅच नाही, एकही गोल नाही. हे टोरांटोतच 1919 मध्ये जन्मलेले, जमैकन आईवडिलांचा मुलगा. क्वेबेकच्या लीगमध्ये ओळीने तीन वर्षं सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरले, पुढे दिग्गज झालेल्या जाँ बेलिव्होबरोबर एका संघात खेळले. पण एनएचएलने काळ्या खेळाडूला दार उघडलं 1958 मध्ये, विली ओ'री आला तेव्हा. त्याआधी 1948 मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सनी कार्नेगींची चाचणी घेतली आणि खालच्या संघात जागा देऊ केली, तीही क्वेबेकमध्ये मिळत होते त्याहून कमी पैशांत. त्यांनी नकार दिला. 2012 मध्ये ते गेले. हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं नोव्हेंबर 2022 मध्ये, तेही खेळाडू म्हणून नाही, खेळ घडवणाऱ्यांच्या गटात. मी राहायचे त्या नॉर्थ यॉर्कमध्ये त्यांच्या नावाचं रिंक आहे. तिथे सगळ्या रंगांची पोरं स्केटिंग करताना दिसतात.

"आकडा नसेल तर मत नाही," मॉन्ट्रियलवाला म्हणाला. त्यात दुष्टपणा नव्हता. अकाउंट्सवाला माणूस, व्हाउचर नाही तर पैसे नाहीत. मी त्याला त्याच्याच रॉकेटची आठवण दिली. रिशारने 1944-45 मध्ये 50 मॅचमध्ये 50 गोल केले तेव्हा कितीतरी चांगले खेळाडू महायुद्धावर गेले होते. ते नव्हते म्हणून आपण रिशारचे गोल खोडत नाही, पण ते कुठे होते हे ध्यानात ठेवतो. मग ज्यांना दारातच अडवलं त्यांच्या बाबतीत तेवढं तरी करायला काय हरकत आहे?

आणि मग मी त्यांना पळवणकर बाळू सांगितला. पुण्यात इंग्रजांच्या क्लबवर पिच राखता राखता नेटमध्ये साहेबांना बोलिंग टाकणारा डावखुरा स्पिनर. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरहून जास्त बळी घेणारा. दलित, म्हणून मैदानावर टीममेट आणि चहाच्या वेळी वेगळ्या मडक्यातला. हिंदू संघाची कॅप्टन्सी त्याला मिळाली नाही, ती धाकट्या भावाला, विठ्ठलला, 1923 मध्ये मिळाली. भारताने पहिली टेस्ट खेळली 1932 मध्ये, म्हणजे बाळूच्या नावापुढे टेस्टचा आकडा शून्य. भारताचा सर्वकालीन संघ निवडताना आपल्यापैकी किती जण त्याचं नाव घेतात? टेबलवर कुणी क्रिकेट पाहत नव्हतं, पण गोष्ट सगळ्यांना कळली.

निकाल? सहा विरुद्ध पाच, मी हरले, मालिका सातव्या सामन्यात गेली. कारणही पक्कं होतं. खेळ थांबल्यावर खेळाडू बदलायची शेवटची संधी यजमान संघाला मिळते. सातवा सामना वरच्या मानांकनाच्या, म्हणजे त्याच्या घरी. गेनी बर्फावर आला रे आला की तो ग्रेट्झ्कीला बाकावर बसवणार आणि गेनी बसला की सोडणार. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. फायनलमध्ये मात्र बॉबी ऑरवाल्या संघाने त्याला धुतलं, हे सांगायला मला अजूनही जाम मजा येते.

पुढच्या वर्षीच्या नियमांच्या कागदावर एक ओळ वाढली होती, मॉन्ट्रियलवाल्याच्या अक्षरात: ज्याला लीगने खेळू दिलं नाही, त्याच्याकडे लीगचे आकडे मागायचे नाहीत. आणि चिठ्ठीत पहिला नंबर आला माझा. मी ग्रेट्झ्कीच घेतला. वेडी आहे का मी?